पॉवर टिलर-वीडरची झिजलेली पाती घरी वेल्डिंग करताय? कोणता भाग भरायचा, कशाला हात लावायचा नाही, वाचा सविस्तर

सातारा : कोरेगाव-वाई भागात आल्या-हळदीची भर असो, कराडकडे उसाची बाळबांधणी असो की पाटण-जावळीत भाताची चिखलणी, बैलांची बरीचशी कामं आता पॉवर टिलर आणि पॉवर वीडरवर आली आहेत. त्याचबरोबर वस्तीवस्तीवर छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनही आलं आहे. गेट, गोठ्याचा अँगल, ट्रॉलीचा फाळका घरीच जोडला जातो. मग टिलरची पाती झिजली की तीही घरीच भरून घ्यावीत, असं वाटणं साहजिक आहे.

हे काम घरी करता येतं. पण गेटचं लोखंड आणि पात्याचं लोखंड एक नाही. गेटचा टाका तुटला तर गेट लोंबतं. चालत्या टिलरचं पातं तुटलं तर तुकडा कुणाच्या नडगीत जाईल सांगता येत नाही, कारण रोटर मिनिटाला शंभरावर फेरे घेत असतो आणि चालवणाऱ्याचे पाय त्याच्या मागेच असतात. म्हणून रॉड कसा धरायचा याच्या आधी कोणता भाग वेल्डिंगला योग्य आणि कोणता नाही, हे ठरवता आलं पाहिजे.

पाती का आणि कुठे झिजतात?

माती म्हणजे बारीक दगडांचा चुरा. त्यातली वाळू आणि गारगोटीचे कण लोखंडाला कानशीसारखे घासतात. त्यामुळे माण-खटावच्या मुरमाड, चुनखडीच्या रानात पाती लवकर संपतात. कृष्णाकाठच्या काळ्या रानात तीच पाती जास्त चालतात. कोरड्या, कडक रानात जास्त झीज होते, वापशावर कमी.

'एल' आकाराच्या पात्यात सगळ्यात आधी बाहेरचा वाकवलेला कोपरा आणि मातीत पहिली घुसणारी धार झिजते. बोल्टाकडचा भाग जवळपास नव्यासारखा राहतो. म्हणूनच पातं भरून वापरता येतं. पण कोपरा गोल होऊन पातं पातळ झाल्यावर भरायला खाली लोखंडच राहत नाही.

नव्या पात्याचा छाप काढून ठेवा

नवा संच आणला की एक डावं आणि एक उजवं पातं जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर ठेवून पेन्सिलीने त्याची कड आखून घ्यावी. तारीख लिहून हा छाप शेडमध्ये टांगून ठेवावा. दर हंगामाला पातं काढून छापावर ठेवलं की किती झिजलं ते लगेच दिसतं.

साधारण हिशेब असा धरावा : पात्याची रुंदी पाव हिश्श्यापर्यंत कमी झाली असेल आणि जाडी शाबूत असेल तर भरणं परवडतं. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त गेलं असेल, धार कागदासारखी पातळ झाली असेल किंवा वाकाच्या जागी चीर असेल, तर ते पातं भंगारात टाकावं.

काय भरायचं, काय नाही?

घरी करता येण्यासारखं :
- पात्याची झिजलेली धार आणि बाहेरचा कोपरा
- भर लावायच्या रिजरचे पंख आणि त्याच्या फाळाचं टोक
- खोली कमी-जास्त करायची मागची पट्टी
- चिखलणीच्या लोखंडी चाकांची पाती
- मडगार्डचा पत्रा, स्टँड, वजन अडकवायचा हुक

वेल्डिंग नीट जमणाऱ्यानेच करावं असं :
- हँडलच्या पाइपला गेलेली चीर
- पाती बसतात त्या रोटरच्या चकतीला गेलेली चीर
- लांबट झालेलं बोल्टाचं भोक

घरी अजिबात करू नये असं :
- पात्याच्या वाकात किंवा बोल्टाच्या भोकाजवळ तुटलेलं पातं जोडणं
- रोटरचा शाफ्ट, गिअर, चेनचं चक्र
- गिअरबॉक्सची बॉडी. ती बहुतेक बिडाची किंवा ॲल्युमिनियमची असते, साधा रॉड तिथे चालत नाही
- पेट्रोल किंवा डिझेलची टाकी. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते आणि तिचा स्फोट होतो
- क्लच, ब्रेक यांचे दांडे
- कोणताही बोल्ट. बोल्ट नवाच घ्यायचा आणि कंपनीच्या ग्रेडचाच घ्यायचा

बोल्ट सैल होतो म्हणून नट पात्याला वेल्ड करून टाकणारेही बरेच आहेत. त्यामुळे बोल्टाचा कडकपणा जातो आणि पुढच्या वेळी पातं काढताना रोटरची चकती कापावी लागते. त्यापेक्षा नवा लॉकनट किंवा स्प्रिंग वॉशर घालावा.

लोखंड ओळखा

गेट-अँगलचं लोखंड म्हणजे माइल्ड स्टील. त्यात कार्बन कमी असतो, म्हणून ते कसंही वेल्ड केलं तरी फारसं बिघडत नाही. पातं मात्र जास्त कार्बनच्या, सिलिकॉन-मँगनीजच्या किंवा बोरॉनच्या स्टीलचं असतं. कारखान्यात ते लाल तापवून, थंड करून, पुन्हा थोडं तापवून कडक केलेलं असतं. लोहार कोयत्याला पाणी देतो, त्याच जातीचं हे काम.

घरी ओळखायच्या दोन पद्धती आहेत. पहिली कानस. कानस धरून घासली तर माइल्ड स्टील लगेच खातं, कडक पात्यावरून मात्र कानस घसरते. दुसरी ग्राइंडरची ठिणगी. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर रेषांसारख्या असतात. जास्त कार्बनच्या स्टीलची ठिणगी टोकाला फुलबाजीसारखी फुटते. बिडाची ठिणगी आखूड आणि तांबूस असते. गिअरबॉक्सच्या कडेला ठिणगी पडतच नसेल तर ते ॲल्युमिनियम समजावं.

वेल्डिंगच्या शेजारी पातं का तुटतं?

पातं बहुतेक वेळा वेल्डिंगच्या भरावात तुटत नाही, भरावाच्या अगदी शेजारच्या रेघेत तुटतं. कारण असं की थंड, जाड पात्यावर रॉड मारला की तेवढी जागा वितळते आणि बाकीचं थंड लोखंड ती उष्णता झटक्यात ओढून घेतं. जास्त कार्बनचं लोखंड असं अचानक थंड झालं की काचेसारखं ठिसूळ होतं. त्यातच ओलसर रॉड वापरला तर ओलाव्यातला हायड्रोजन लोखंडात शिरतो आणि आतून चीर पाडतो.

ही चीर लगेच दिसेलच असं नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही ती पडते. म्हणून आज भरलेलं पातं आजच रानात नेऊ नये. एक दिवस ठेवून, तपासून मगच लावावं.

यावर उपाय तीन : भरण्याआधी पातं गरम करणं, कोरडा आणि योग्य रॉड वापरणं, भरल्यावर पातं सावकाश थंड करणं. याउलट वेल्डिंग झालं की पातं बादलीत बुडवण्याची सवय अनेकांना असते. हातात लवकर धरता यावं म्हणून केलेलं हे काम पातं तोडणारंच ठरतं.

मशीन, लाइट आणि वायर

घरच्या कामाला २०० अँपिअरपर्यंतचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन पुरतं. पात्याच्या धारेला २.५ मिमीचा, म्हणजे दुकानात १२ नंबर म्हणतात तो रॉड चांगला. जाड भागाला ३.१५ मिमीचा, म्हणजे १० नंबरचा. २.५ मिमीला साधारण ७० ते ८५ अँपिअर आणि ३.१५ मिमीला १०० ते १२० अँपिअर ठेवून सुरुवात करावी. मग रॉडच्या पाकिटावर लिहिलेला आकडा बघून कमी-जास्त करावं.

घरातल्या ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर हे मशीन लावू नये. १६ अँपिअरचा प्लग, स्वतंत्र एमसीबी आणि किमान ४ चौरस मिमीची तांब्याची वायर हवी. गुंडाळून ठेवलेली लांब एक्स्टेन्शन वायर तापते. म्हणून ती पूर्ण उलगडून वापरावी. वस्तीवर व्होल्टेज पडलं की रॉड चिकटतो. मग माणूस अँपिअर वाढवत जातो, आणि व्होल्टेज परत आलं की धार जळून खाली गळते. म्हणून मोटारी बंद असतानाच्या वेळेत काम करावं.

आकडा टाकून किंवा डीपीतून थेट वायर ओढून मशीन चालवणं हा गुन्हा आहेच. शिवाय तिथे एमसीबी नसते आणि अर्थिंगही नसतं. मशीनच्या बॉडीत करंट उतरला तर वाचवणारं काही राहत नाही.

रॉड कोणता घ्यायचा?

१) ई-६०१३ : सगळीकडे मिळणारा साधा रॉड. मडगार्ड, स्टँड, हँडल, माइल्ड स्टीलची पट्टी यांना योग्य. पात्यावर एकटा वापरला तर भराव मऊ राहतो आणि मुरमात लगेच झिजतो.

२) ई-७०१८ : याला लो हायड्रोजन रॉड म्हणतात. जोड चिवट होतो, म्हणून पात्याच्या लोखंडावर पहिला थर याचाच द्यावा. पण हा रॉड ओलावा लगेच ओढतो. उघड्या पाकिटातला, पावसाळाभर शेडमध्ये पडलेला ७०१८ असला तर त्याचा फायदा जातो. छोटं, बंद पाकीट आणावं आणि उघडलं की त्याच दिवशी वापरावं. डीसी मशीनवर होल्डर प्लसला जोडावा. मशीन अगदी लहान असेल तर हा रॉड पेटवायला त्रास देतो.

३) हार्डफेसिंग रॉड : वरच्या थराला, झीज रोखण्यासाठी. याच्या ढोबळमानाने दोन जाती असतात. ३५० बीएचएन गटातला रॉड चिवट असतो, धक्का सोसतो. ५५ ते ६० एचआरसी गटातला फार कडक असतो, वाळू-मुरमाला टिकतो, पण दगडाच्या धक्क्याला टवका उडतो. रानात मोठे दगड असतील तर पहिला घ्यावा. बारीक मुरूम किंवा वाळू असेल तर दुसरा.

साखर कारखान्यात उसाची पकड यावी म्हणून मिलच्या रोलरवर याच जातीच्या रॉडने खडबडीत भराव देतात. ते काम केलेला वेल्डर गावात किंवा पाहुण्यांत असेल तर पहिला संच त्याच्या हाताखाली भरावा.

काम कसं करायचं?

१) मशीन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढा. डिझेल टिलर असेल तर बॅटरीची वायर सोडा. पाती रोटरवरून काढा. बऱ्याच पेट्रोल वीडरचा रोटर पिन काढली की अख्खा बाहेर येतो. मशीनवर पातं तसंच ठेवून वेल्डिंग करू नका. अर्थिंग क्लॅम्प लांब लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतात आणि ऑइल सील भाजतं. शिवाय पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते.

२) डावी आणि उजवी पाती वेगळी ठेवा. खडूने नंबर टाका.

३) वायर ब्रश आणि ग्राइंडरने माती, गंज, ग्रीस, रंग काढून लोखंड चकचकीत करा. चीर दिसली तर ते पातं बाजूला काढा.

४) पातं गरम करा. चूल, गॅसची बत्ती किंवा लोहाराची भट्टी, काहीही चालेल. अंदाजे २०० ते २५० अंश पुरे. चकचकीत केलेली जागा फिकट पिवळसर दिसू लागली की उष्णता साधारण २२० अंशांच्या आसपास आली. निळी झाली तर ३०० च्या आसपास गेली, आता थांबा. पातं लाल करू नका. लाल केलं तर कारखान्याने दिलेला कडकपणा गेला.

५) धारेखाली तांब्याची जाड पट्टी ठेवा. वेल्डिंग तांब्याला चिकटत नाही, त्यामुळे पातळ धार जळून गळत नाही.

६) पहिला थर ७०१८ चा. ४-५ सेंटिमीटरची छोटी सरळ ओळ मारा आणि थांबा. स्लॅग हातोडीने पूर्ण काढा, ब्रश मारा. मग पात्याच्या दुसऱ्या टोकाला ओळ मारा. एकाच जागी सलग ओळी मारल्या तर पातं वाकतं.

७) बोल्टाच्या भोकापासून आणि वाकाच्या आतल्या बाजूपासून लांब राहा. सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. तिथली उष्णता म्हणजे पुढचं तुटणं.

८) छापावर ठेवून आकार बघा. रुंदी भरली की थांबा. पातं नव्यापेक्षा मोठं करायचं नाही, मडगार्डला घासेल.

९) वर हार्डफेसिंगचा एक थर, फार तर दोन. कडक रॉडचे थरावर थर चढवले तर ते खपली होऊन पडतात. हा थर पात्याच्या एकाच बाजूला द्या. दुसरी बाजू हळूहळू झिजत राहते आणि धार पातळ राहते. दोन्ही बाजूंनी भरलं तर धार बोथट होते आणि इंजिनवर लोड येतो.

१०) झाल्याबरोबर पातं कोरड्या राखेत, कोरड्या वाळूत किंवा चुन्याच्या पुडीत पुरून ठेवा. पूर्ण थंड होईपर्यंत काढू नका. संध्याकाळी काम केलं तर सकाळी काढा.

कमानपाट्याचा तुकडा जोडायचा का?

गावाकडे हा जुगाड सर्रास चालतो. जुन्या गाडीचा कमानपाटा कापून झिजलेल्या पात्यावर जोडतात. पाट्याचं लोखंड चांगलं असतं, पण त्यातही कार्बन जास्त असतो. म्हणजे जोडाच्या दोन्ही बाजूंना ठिसूळ होणारं लोखंड. पातं आणि पाटा दोन्ही गरम करून, ७०१८ ने, सावकाश थंड करून जोडलं तरच ते टिकतं. तुकडा पात्याला टोकाला टोक लावून न जोडता पात्यावर चढवून, तिन्ही कडांनी भरावा. कापलेल्या अर्ध्या पात्याला अर्धा पाटा जोडून 'नवं पातं' बनवण्याच्या फंदात पडू नये.

सळईचे तुकडे जोडणं तर पैसे वाया घालवणं आहे. बांधकामाची सळई या कामाला मऊ पडते आणि थोड्याच एकरांत गुळगुळीत होते.

लोखंडी चाकं, भोक आणि हँडल

चिखलणीच्या लोखंडी चाकांची पाती बहुतेक माइल्ड स्टीलची असतात. त्यांना जाड पट्टीचा तुकडा ६०१३ ने जोडला तरी चालतं. दोन्ही चाकांची पाती सारख्या उंचीची ठेवावीत, नाहीतर टिलर एका बाजूला ओढतो.

बोल्टाचं भोक लांबट झालं असेल तर मोठा बोल्ट ठोकून बसवू नये. रोटरच्या चकतीचं भोक ७०१८ ने भरून, घासून, ड्रिल मशीनवर मूळ मापाचं पाडून घ्यावं. हे काम वर्कशॉपमध्ये करून घेतलेलं बरं. पात्याचं स्वतःचं भोक लांबट झालं तर पातं बदलावं.

हँडलच्या पाइपची चीर नुसती वरून भरली तर थरथरीने पुन्हा शेजारीच तुटते. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडावं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग पाइपच्या आत बसणारा छोटा पाइप घालून भरावं. पाइपला जस्ताचा मुलामा असेल तर तो आधी घासून काढावा. जळलेल्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी-ताप भरतो.

लावण्याआधी तपासणी

- आवाज : पातं दोरीने टांगून हातोडीने हलकं वाजवा. चांगलं पातं घंटीसारखं वाजतं. चिरलेलं पातं बद्द आवाज करतं.
- डिझेल-खडू : भरावाच्या कडेला थोडं डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड टाका. चीर असेल तर आत गेलेलं डिझेल बाहेर येऊन ओली रेघ दिसते. हे करताना जवळपास विस्तव नको. कडक हार्डफेसिंगवर आडव्या केसासारख्या रेघा येतात, त्या चालतात. पण रेघ पात्याच्या मूळ लोखंडात उतरली असेल तर पातं बाद.
- वजन : किराणा काट्यावर प्रत्येक पातं मोजा. समोरासमोर बसणाऱ्या पात्यांच्या वजनात फरक राहिला तर रोटर थरथरतो, बोल्ट सैल होतात आणि बेअरिंग जातं. जड पातं घासून सारखं करा.
- संच : दोन भरलेली आणि बाकी नवी अशी भेसळ नको. समोरासमोरची जोडी तरी सारखीच असावी.

पहिल्यांदा लावल्यावर मऊ रानात कमी गतीने दहा मिनिटं चालवा. पुढे-मागे कुणी उभं राहू नये. मग मशीन बंद करून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. तासाभराने परत एकदा बघा.

डोळे, हात आणि आग

काळा चष्मा घालून वेल्डिंग होत नाही. १० ते १२ नंबरच्या काचेचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट किंवा हातातली ढाल लागते. उघड्या डोळ्यांनी आर्क पाहिला तर त्रास लगेच होत नाही. सहा-आठ तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. बटाट्याची फोड बांधणं, दूध घालणं, दुकानातून सुन्न करणारे थेंब आणणं असलं काही करू नये. डोळे चोळू नयेत, डॉक्टरांना दाखवावं. ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ग्राइंडर चालवताना पांढरा चष्मा हवाच आणि ग्राइंडरचं गार्ड काढायचं नाही.

अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. नायलॉन-टेरिकॉट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचे हातमोजे आणि बंद बूट घालावेत. ओल्या जमिनीवर, अनवाणी, पावसात किंवा घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी काम करू नये. धुरासाठी जागा मोकळी हवी, पण कडब्याची गंजी, वैरणीचं शेड, गोठा आणि पेट्रोलचे कॅन यांपासून लांब. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच लक्ष ठेवा, कारण ठिणगी भुशात धुमसत राहते. पाण्याची बादली आणि वाळू हाताशी असावी. बघायला जमलेल्या पोरांना आधी घरात पाठवा.

खरंच परवडतं का?

हिशेब एकरावर करावा. समजा नवा संच २,४०० रुपयांना आला आणि ४० एकर चालला, तर एकरी ६० रुपये पडले. भरण्याला रॉड, लाइट, ग्राइंडरचं चाक मिळून ६०० रुपये गेले आणि पाती १५ एकर चालली, तर एकरी ४० रुपये, म्हणजे फायदा. तीच पाती ८ एकरांतच संपली तर एकरी ७५ रुपये, म्हणजे नवाच संच स्वस्त होता. हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. आपल्या बिलाचे आणि आपल्या रानाचे आकडे घालून बघावं. वहीत दोन हंगामांची नोंद ठेवली तरी चित्र स्पष्ट होतं.

मुरमाड रानवाल्यांनी आणखी एक गोष्ट करून बघावी. पाती झिजण्याची वाट न बघता नव्या संचाच्या धारेवरच, वर सांगितल्याप्रमाणे गरम करून, हार्डफेसिंगची एक पातळ ओळ द्यावी. तेव्हा खाली पूर्ण जाडीचं लोखंड असतं, आकार शाबूत असतो आणि काम थोडक्यात होतं. संच वॉरंटीत असेल तर आधी विक्रेत्याला विचारावं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*भरलेलं पातं परत भरता येतं का?*
एकदा भरलेला भाग ग्राइंडरने साफ करून, चीर नाही याची खात्री करून पुन्हा एकदा भरता येतो. प्रत्येक वेळी मूळ लोखंड तापून कमजोर होतं, त्यामुळे तिसऱ्यांदा त्या नादाला लागू नये.

*लोहाराकडून पात्याला पाणी देऊन घेतलं तर?*
लोहाराला त्या स्टीलची जात माहीत नसेल तर पातं एकतर मऊ राहतं, नाहीतर फार कडक होऊन दगडावर तुटतं. भरलेल्या पात्याला पाणी देऊ नये.

*वेल्डिंग शिकायचं असेल तर?*
आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स असतो. तेवढा वेळ नसेल तर चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे काही दिवस हाताखाली काम करावं. पहिले रॉड भंगार पात्यावर मारावेत आणि ते पातं शिकंज्यात धरून घणाने तोडून बघावं. भराव कुठून सुटतो ते तिथे डोळ्यांनी दिसतं. आपल्या हाताने भरलेलं भंगार पातं घणाखाली टिकू लागलं की मगच रानात न्यायचा संच हातात घ्यावा.